नाव न ठेवता

नई सडकेवर खाली टायरचं दुकान, वर माझा वर्ग.
वीज गेली तरी चालतो,
अर्धं प्रोग्रॅमिंग मी खडूनेच शिकवते.
त्या दिवशी फळ्यावर एक फंक्शन लिहिलं
आणि नावाची जागा मोकळी सोडली.

धर्मेंद्र कुशवाह म्हणाला, मॅडम, नाम रह गया.
राहिलं नाही, ठेवलंच नाही.
एका कामापुरतं जन्मलेलं,
लिहिल्या जागीच उचलून
टायमरच्या हाती द्यायचंय, त्याचं बारसं कशाला?
असं, की नाव ठेवायला जागाच नाही!
मागच्या बाकावर एकटी इरावती शितोळे हसली.
बाकीच्यांना मी हिंदीत सांगायला गेले
आणि विनोद मुरैन्याच्या फाटकाशी अडकला.

पण ते रिकाम्या हाताने निघत नाही.
जिथे लिहिलं गेलं
तिथली ज्यांची ज्यांची नावं त्याच्या ओठांत आहेत
त्यांची वाट ते गाठीला मारून नेतं.
बाहेरचं फंक्शन संपतं, उत्तर देतं, निघून जातं.
झाडणारा येतो, एकेक फडताळ रिकामं करतो,
आणि एकापाशी थांबतो:
ह्याकडे अजून कुणाचं तरी बोट आहे.
केरसुणी वळवून पुढे जातो.

शनिवारी धर्मेंद्रने दाल बाजारातल्या मामाच्या औषधदुकानासाठी
न विचारता प्रोग्रॅम लिहिला.
पाच गिऱ्हाइकं, पाच निरोप, रात्री नऊला:
तुमच्या गोळ्या आल्यात, घेऊन जा.
एक फेरा, आणि फेऱ्यात दर माणशी
एक बिननावाचं फंक्शन.

नऊ वाजले.
पाचही निरोप वसुधाबाई महाडकरांच्या फोनवर.
यादीत त्या शेवटच्या.
सकाळी काउंटरवर चष्मा पुसत म्हणाल्या,
अरे, रक्तदाब एकच आहे मला.

तो आला तोंड पाडून.
फंक्शन भुलक्कड निघालं, म्हणाला.
नाही रे, आठवण चोख आहे त्याची.
फक्त त्याने माणूस नाही लक्षात ठेवला,
पाटी ठेवली.
आणि पाटी तुझ्याकडे एकच.
तिच्यावर दुबे लिहिलंस, पुसलंस,
अन्सारी लिहिलंस, पुसलंस,
शेवटी महाडकर लिहून फेरा थांबला.
नऊ वाजता पाचहीजण तिच्यापाशी आले
आणि जे दिसलं ते वाचलं.
ह्यात खोटं कोण बोललं?

मामाला विचार, जुने कंपाउंडर काय करायचे.
बरणीकडे बोट दाखवून नव्हते सोडत.
पुडी बांधायचे, आणि बांधतानाच वर नाव.
तसं एक छोटं फंक्शन लिही,
नाव घेणारं,
नाव आत मिटून दुसरं फंक्शन परत देणारं.
पाचदा बोलाव त्याला.
दर वेळी नवी खोली, खोलीत आपापली पाटी,
तिला पुसायला दुसरं कुणी येत नाही.

दोन ओळींची दुरुस्ती. तो जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरला.

मी कुलूप लावलं.
बाड्याकडे वळणाऱ्या टेम्पोच्या काचेवर लिहिलेलं: लष्कर.
छावणीचा हुकूम संपून दोनशे वर्षं झाली.
तंबू नाहीत, घोडे नाहीत, कूच करायचं कुठे
हे सांगणारंही कुणी नाही,
आणि आम्ही अजून पत्त्यात तेच लिहितो,
तिथेच भाडं भरतो,
'आमच्यात असं बोलतात' म्हणतो
पुण्याच्या पाहुण्यांना, जरा अंग चोरून.
वर्गात मी हे सांगत नाही.
गुरुवारी चाचणी आहे आणि मुलांना
इतिहासाचे गुण नाहीत.

रविवारी नऊला पाच वेगवेगळे फोन वाजले.
दुबे आले, अन्सारींचा मुलगा आला,
कधी न येणारे जैनसुद्धा आले.
सोमवारी वसुधाबाई.
पिशवी काउंटरवर ठेवून
जरा संशयानेच विचारलं त्यांनी,
काल एकच आला.
बाकीचे चार कुठे गेले?